ट्रंपेट पुन्हा तोंडाला लावताना

(युवकांच्या अभ्यासवर्गातलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



पत्रिकेत माझ्या नावापुढं 'ज्येष्ठ कलावंत' असं छापलंय. ते आधी खोडा. मी संपात उठवला गेलेला गिरणी कामगार, त्याच्या आधीपासून वरातीच्या बँडमधला ट्रंपेटवाला. अडतीस वर्षं हे वाद्य तोंडाला लावलं नव्हतं. २०२१ पासून परत लावतो. माझं भांडवल एवढंच.

बोलवायला आले तेव्हा तुमच्यातल्या एकानं विचारलं, काका, साठी उलटल्यावर हे कशाला? दुसरा गप्प बसलेला, तो जाता जाता म्हणाला, आपल्या आजे-पणज्यांनी गावकीचं वाजवणं लाथाडलं, आणि तुम्ही परत वाजवायला लागलात? हा प्रश्न खरा. ह्याच्यावर माझी दोन रात्री झोप गेली. पण माझ्या उत्तराआधी एका काळ्या माणसाची कहाणी ऐका. १९७२ साली मुंबईतल्या आपल्या पोरांनी 'पँथर' हे नाव अमेरिकेतल्या काळ्यांकडनं घेतलं. त्यांच्या मोर्चाचं, बंदुकीचं आपण बोललो, त्यांच्या कविता वाचल्या. त्यांच्या बँडवाल्यांकडं मात्र कुणी फारसं पाहिलं नाही. बँडवाल्याकडं तसंही कोण बघतं? वरातीत सगळे नवऱ्याकडं बघतात.

त्याचं नाव विली जॉन्सन. लोक 'बंक' म्हणत. गाव न्यू ऑर्लिन्स, अमेरिकेच्या दक्षिणेत लुइझियाना राज्यात. ह्या गावात १८९२ साली होमर प्लेसी नावाचा माणूस गोऱ्यांच्या रेल्वेडब्यात बसला म्हणून धरला गेला. खटला वर गेला आणि १८९६ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, डबे वेगळे ठेवा, फक्त सारखे ठेवा. वेगळे पण समान! आपल्याला ह्याचा अर्थ कुणी फोडून सांगायला नको. त्याच गावात काळ्यांचे ब्रास बँड होते. मयतीला बँड, मिरवणुकीला बँड, नाचाला बँड. मयतीचा बँड काळ्यांच्या मदत-मंडळ्या करत. वर्गणी भरायची, आजारी पडलात तर औषध, मेलात तर बाजा. वाजवणारे दिवसा गवंडी, विडीसारखे सिगार वळणारे, गोदीतले हमाल. संध्याकाळी कपडे बदलून कॉर्नेट काखेत.

त्यातला पहिला राजा बडी बोल्डन. कॉर्नेट असं फुंकायचा की त्याच्या आवाजाच्या दंतकथा झाल्या. १९०७ साली त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं आणि १९३१ साली तिथंच तो मेला. चोवीस वर्षं. त्याची एकही रेकॉर्ड आज हाताशी नाही. म्हणजे ज्याच्यापासून जॅझ मोजतात त्याचा आवाज कुणाकडंच नाही. बोल्डन परत आला नाही. हे लक्षात ठेवा, कारण परत येणाऱ्यांच्या गोष्टी सांगताना न आलेले विसरले जातात आणि मग सगळं गोड वाटायला लागतं.

बंक त्याच्या पाठचा. न्यू ऑर्लिन्सच्या बँडांत वाजवलं, १९१५ च्या सुमाराला गाव सोडलं, सर्कस, तमाशाच्या फिरत्या कंपन्या, गावोगावचे नाच. पोटासाठी भटकंती. आपल्या तमासगिरांची असते तशीच. १९३१ साली, म्हणजे बोल्डन मेला त्याच वर्षी, रेन नावाच्या गावात नाचाचा कार्यक्रम चालू होता. बँडचा म्होरक्या एव्हन थॉमस. एका माणसानं येऊन त्याला तिथंच सुऱ्यानं भोसकून मारला. त्या दंग्यात बंकचं वाद्य मोडलं. दात आधीच हलायला लागले होते. वाद्य गेलं, दात गेले. मग न्यू आयबेरिया नावाच्या लहान गावात उसाच्या शेतांवर, ट्रकवर, मिळेल ते काम. शहरात त्याच्या बरोबरीचे काही नावाजले, शिकागो-न्यूयॉर्कला गेले. हा ऊस वाहतोय.

१९३८-३९ मध्ये काही गोरे अभ्यासू तरुण जॅझवर पुस्तक करत होते. 'जॅझमेन' नावानं ते १९३९ साली निघालं. जुन्या लोकांना विचारता विचारता बंकचं नाव निघालं. पत्र गेलं. त्याचं उत्तर आलं. त्यात दया मागणं नव्हतं, थेट हिशेब होता : मला दात करून द्या आणि वाद्य द्या, मी वाजवून दाखवतो. वर्गणी निघाली. विल्यम रसेल ह्या माणसानं पुढाकार घेतला. दात करून दिले ते लेनर्ड बेशेनं. हा दाताचा डॉक्टर, आणि मोठा क्लॅरिनेटवाला सिडनी बेशे ह्याचा सख्खा भाऊ. वाद्य आलं. आणि १९४२ च्या जूनमध्ये न्यू ऑर्लिन्सला बंक जॉन्सनची पहिली रेकॉर्ड झाली. आयुष्यातली पहिली. त्याच्या म्हणण्यानुसार तेव्हा तो बासष्ट वर्षांचा होता.

आता इथं जरा थांबू. 'दात बसवले आणि वाजवायला लागला' हे वाक्य म्हणायला सोपं. ज्यानं ट्रंपेट फुंकलंय त्यालाच कळेल ह्या वाक्यात काय काय गिळलंय.

ट्रंपेटमध्ये आवाज नसतो. पितळेची सुमारे दीड मीटर नळी, गुंडाळलेली. पेटीत पट्टी आहे, सनईत पाती आहे, क्लॅरिनेटला वेताची पट्टी आहे. ट्रंपेटला काही नाही. तुमचे ओठ हीच पाती. दोन ओठ मिटायचे, मधून हवा सोडायची, ते थरथरतात, आणि ती थरथर नळी मोठी करते. पिस्टन तीन. मधला दाबला की अर्धा सूर खाली, पहिला दाबला की एक सूर, तिसरा दाबला की दीड. बाकी सगळं ओठावर. एकच पिस्टन दाबून वेगवेगळे सूर निघतात, ते ओठ घट्ट-सैल करून. आणि ह्या ओठांच्या मागं भिंत लागते. ती भिंत म्हणजे पुढचे दात. माऊथपीस ओठावर, ओठ दातावर. दात गेले की भिंत पडली, पत्र्यावर खिळा मारायचा आणि मागं लाकूड नाही अशी गत. कवळी बसवली तर ती हलते. वरच्या सुराला दाबलं की सरकते, हिरडी सोलते. बंकनं ह्या हलत्या भिंतीवर वाजवलं.

दात माझे शाबूत आहेत, दोन सोडून. तरी पहिल्या दिवशी काय झालं सांगतो. चोरबाजारातनं जुनं ट्रंपेट आणलं. दुसरा पिस्टन चिकटलेला. रॉकेलमध्ये भिजवला, पुसला, तेल घातलं. आतनं हिरवं पाणी निघालं. मग तोंडाला लावलं. नुसती हवा. फस्स. नात हसली, म्हणाली, आजोबा, प्रेशर कुकर! बोटांना सगळं आठवत होतं. अडतीस वर्षांनी बोटं आपोआप त्या-त्या जागी पडत होती, आणि ओठ म्हणत होते, आम्हाला काय माहीत नाय. ओठाभोवतीचा स्नायू गोल असतो. दोन-तीन आठवडे वाजवलं नाही तरी सैल पडतो, मग माझं काय घेऊन बसलात. दहा मिनिटांत तोंड लुळं पडलं, चहा पिताना कोपऱ्यातनं गळायला लागला.

आणि छाती. मी गिरणीत कार्डिंग खात्यात बदली होतो. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, कार्डिंग म्हणजे कापूस पिंजून त्याची पेळू होते ते खातं. हवेत कापसाची धूळ अशी की समोरचा माणूस पांढरा दिसायचा. सुट्टीनंतर सोमवारी छाती आवळायची. त्या आजाराला डॉक्टरांच्या पुस्तकात नाव आहे, बिसिनोसिस. खात्यात आम्ही नुसतं 'दम लागतो' म्हणायचो. तीच छाती घेऊन मी चौसष्टाव्या वर्षाकडं जाताना लांब सूर धरायला बसलो. पहिल्या महिन्यात मोजून चार सेकंद. आता अठरा. हा आकडा मी टाळ्यांसाठी सांगत नाही. अठरा सेकंदसुद्धा तरुण पोराच्या मानानं काहीच नाही. पण ही छाती ज्यांनी वापरली त्यांनी तिच्यातली हवा शेवटपर्यंत नेली नाही, थोडी माझ्याकडं राहिली होती, एवढं मला कळलं.

वाद्य सुटलं कसं तेही सांगून टाकतो. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. पहिलं वर्ष वरातींच्या सुपारीवर ढकललं. दुसऱ्या वर्षी ट्रंपेट विकलं आणि त्याचं धान्य आणलं. पुढं वॉचमन झालो. ज्या जागेवर गिरणी होती तिथं मोठी इमारत झाली, तसल्याच एका इमारतीच्या गेटवर निवृत्त झालो. दुःख वगैरे करायला वेळ नव्हता. आमच्या पिढीत अशी विकलेली वाद्यं घरोघर आहेत. कुणाची ढोलकी, कुणाची पेटी.

बंककडं परत येऊ. त्याच्या गोष्टीचा खरा भाग दातानंतर सुरू होतो.

रसेल हा माणूस प्रामाणिक होता, हे आधी मान्य करतो. खिशातले पैसे घालून त्यानं ह्या म्हाताऱ्यांच्या रेकॉर्डी काढल्या. तो नसता तर आज आपण बंकचं नावही घेतलं नसतं. पण त्या सगळ्या गोऱ्या रसिकांना पाहिजे होतं एक विशिष्ट संगीत. जुनं. 'शुद्ध'. बाजारानं न बाटलेलं. (शुद्ध आणि बाटलेलं, हे शब्द ऐकले की माझे कान टवकारतात. तुमचेही टवकारले पाहिजेत.) त्यांना वाटत होतं, हा उसाच्या शेतातला म्हातारा म्हणजे बाटलीत बंद ठेवलेलं १९०५ साल आहे. बूच काढलं की जुना वास येणार. त्याला साथीदारही त्यांच्या पसंतीचे मिळाले : जॉर्ज लुईस क्लॅरिनेटला, जिम रॉबिन्सन ट्रॉम्बोनला. १९४५ मध्ये न्यूयॉर्कला सेकंड ॲव्हेन्यूवरच्या स्टाइव्हसंट कॅसिनो नावाच्या हॉलमध्ये त्यांचा बँड वाजला. गर्दी झाली, पेपरात छापून आलं.

आणि बंक खूश नव्हता. कुरकुर करायचा, प्यायचा, साथीदारांशी भांडायचा. लोक म्हणाले, म्हातारा कृतघ्न आहे. दात दिले, वाद्य दिलं, न्यूयॉर्क दाखवलं, आणखी काय पाहिजे ह्याला? ही भाषा ओळखीची वाटते का बघा.

त्याला काय पाहिजे होतं ते त्यानं १९४७ साली दाखवलं. त्या वर्षाच्या डिसेंबरात न्यूयॉर्कला एका चाहत्यानं पैसा उभा केला आणि बंकला सांगितलं, माणसं तू निवड, चिजा तू निवड. त्यानं कोण निवडले? नोटेशन वाचता येणारे, नव्या मोठ्या बँडांत मुरलेले कसलेले वादक. गोऱ्या रसिकांच्या मते हेच बाटलेले. आणि वाजवलं काय? एका बाजूला स्कॉट जॉप्लिन वगैरेंच्या रॅग, म्हणजे कागदावर सूर न् सूर लिहून ठेवलेलं संगीत. दुसऱ्या बाजूला लोकप्रिय चालू गाणी. मिरवणुकीचं, मयतीचं 'अस्सल' जवळजवळ नाहीच. म्हणजे तो सांगत होता, मी अडाणी, उपजत, रक्तातनं वाजवणारा नाही. मी शिकलेला वादक आहे. मला कागद वाचता येतो. आणि मी काल मेलो नव्हतो, १९३१ ते १९४२ मध्ये मीही रेडिओ ऐकत होतो.

पुढच्या वर्षी त्याला लकव्याचे झटके आले. १९४९ च्या जुलैत न्यू आयबेरियात तो गेला. त्या शेवटच्या रेकॉर्डी त्याच्या मरणानंतर बाजारात आल्या.

एक गोष्ट लपवत नाही. बंक थापा मारायचा. त्यानं जन्मसाल १८७९ सांगितलं. पुढं कागदपत्रं तपासणाऱ्यांना ते १८८९ च्या आसपासचं दिसलं. मग बोल्डनबरोबर वाजवल्याचे त्याचे दावे डळमळले, कारण बोल्डन आत गेला तेव्हा हा सतरा-अठराचा पोर. लुई आर्मस्ट्राँगला मी शिकवलं असंही तो सांगे. आर्मस्ट्राँगनं पुढं त्याचा मान ठेवूनसुद्धा सांगितलं की माझा गुरू किंग ऑलिव्हर. विद्वानांनी ह्यावर पानंच्या पानं लिहिली. मला त्यात एवढंच दिसतं, की गिऱ्हाईकाला जुना माल पाहिजे होता आणि म्हाताऱ्यानं मालावर दहा वर्षं जास्त लिहिली. खोटं ते खोटंच. पण हे दुकान कुणी मांडलं होतं, तेही लिहा की.

आता तुमचा प्रश्न. बापजाद्यांनी लाथाडलं ते मी का उचललं.

लाथाडलं काय, ते नीट बघा. १९२७ ला महाडच्या तळ्यावर बाबासाहेब गेले. त्या काळापासून गावोगाव लोकांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, गावकीची कामं सोडली, पाटलाच्या दारात डफडं बडवणं सोडलं. १९५६ नंतर तर पुष्कळ घरांत वाद्य म्हटलं की नाक मुरडू लागले, आणि ते बरोबरच होतं. त्या वाद्याला दर नव्हता. बोलावलं की जायचं, उंबऱ्याबाहेर वाजवायचं, पदरात शिळं पडेल ते घ्यायचं. लाथ बसली ती ह्या जुंपणीला. कारण त्याच लोकांनी त्याच काळात जलसे उभे केले. भीमराव कर्डकांनी केले, पुढं वामनदादा गावोगाव गायले. तीच ढोलकी, तेच गळे. फक्त कुणाच्या सांगण्यावरनं वाजवायचं, हे बदललं.

शहरात आलो तेव्हा वाटलं, ट्रंपेट हे काही बलुत्यातलं वाद्य नाही. विलायती आहे, पितळेचं आहे, गणवेश आहे, खांद्यावर सोनेरी झालर. सुपारी ठरवून पैसा. पण वरात मंडपाला पोचली की आम्ही फुटपाथवर. जेवण सगळ्यांचं झाल्यावर, कधी कधी नाहीच. गणवेश मालकाचा, पाऊस पडला तर भिजल्याचे पैसे आमच्या मजुरीतनं. लग्नाच्या फोटोत आमचे गाल फुगलेले, नाव नाही. आणि उलटा तमाशा पाहा : आम्ही त्यांच्या वरातीत वाजवलं तर शोभा, आणि आपला नवरामुलगा बँड लावून घोड्यावर निघाला तर आजही कुठं कुठं त्याला खाली ओढतात, बँड बंद पाडतात. वाद्य तेच, फुंकणारा तोच.

आम्ही वाजवायचो त्या चाली कुठनं आल्या तेही ऐका. १९३० नंतर मुंबईच्या ताज हॉटेलात काळ्या अमेरिकन वादकांचे बँड येऊन वाजले. क्रिकेट स्मिथ नावाचा ट्रंपेटवाला १९३६ मध्ये तिथं होता. त्यांच्याकडनं गोव्याचे वादक ऐकून-बघून शिकले. त्यांतला आंतोनियो वाझ, सगळे त्याला चिक चॉकलेट म्हणत, सी. रामचंद्रांच्या गाण्यांमागं उभा होता. १९५१ च्या 'अलबेला'त तो पडद्यावरही दिसतो. ते तुकडे रेकॉर्डीवरनं आमच्या बँडमास्तरनं कानानं उतरवले आणि आम्ही लालबाग-परळच्या वरातीत फुंकले. म्हणजे मी पोरवयात बंकच्याच भाऊबंदांचं वाजवत होतो. कुणी सांगितलं नव्हतं एवढंच.

तर मी परत आलो तो ह्या सगळ्यासकट. सुपारी घेत नाही. जुन्या वरातीतली गाणी वाजवा म्हणून ज्यांचा आग्रह असतो त्यांना नाही म्हणतो, आणि 'लोककला जपताय, छान' म्हणणाऱ्या साहेबांना तर दोनदा नाही म्हणतो. मी काही जपत नाही. मी कागद वाचायला शिकतोय. पासष्टाव्या वर्षी नोटेशन. बँडमास्तरनं आम्हाला ते कधी शिकवलं नाही, कारण शिकलेला ट्रंपेटवाला दर वाढवून मागतो.

आणि ज्यांनी वाद्य टाकलं ते टाकलंच, त्यांना कुणी 'परत या' म्हणू नये. माझा थोरला भाऊ सनई वाजवायचा. त्यानं १९७० च्या आत ठेवली, परत हात लावला नाही, पोरं मास्तर-इंजिनिअर झाली. त्याचा हिशेब त्याच्यापाशी बरोबर आहे.

म्हातारपणी वाजवणाऱ्यांत बंक एकटा नव्हे. जॅबो स्मिथ १९२९ च्या रेकॉर्डींत आर्मस्ट्राँगच्या तोडीला तोड वाजला, मग मिल्वॉकीत भाड्यानं मोटारी देणाऱ्या कंपनीत नोकरी केली, आणि १९७९ साली न्यूयॉर्कच्या रंगमंचावर परत उभा राहिला. डॉक चीटमनं वाद्य टाकलं नव्हतं, पण जन्मभर दुसऱ्यांच्या बँडात मागच्या रांगेत मुख्य सूर धरला. पुढं येऊन आपलं स्वतःचं मनमोकळं वाजवलं ते साठी-सत्तरीनंतर. १९९७ ला गेला तेव्हा एक्क्याण्णव वर्षांचा होता आणि शेवटपर्यंत वाजवत होता.

चिठ्ठी आलीय : 'माझ्या वडिलांचं ट्रंपेट घरी आहे, ते पन्नाशीचे आहेत, सुरू करू शकतील का?' करू शकतील. त्यांना सांग, आधी ब्लडप्रेशर आणि हर्निया तपासून घ्या, कारण वरच्या सुराला पोट आणि डोकं दोन्ही ताणतं. पहिले दोन महिने खालचेच सूर, हळू, लांब. जेवढा वेळ वाजवाल तेवढाच वेळ विसावा, असं दिवसातनं तीनदा, दहा-दहा मिनिटं. माऊथपीस ओठात रुतवायचा नाही. सूर येत नाही म्हणून दाबलं की ओठ मरतो. कवळी असेल तर ती कशासाठी पाहिजे ते दातवाल्याला वाद्य दाखवून सांगा. इमारतीत शेजारी ओरडत असतील तर पुढच्या तोंडात म्यूट घाला, नाहीतर नुसत्या माऊथपीसवर भुणभुण करा.

मी रविवारी सकाळी सहाला दादरच्या चौपाटीवर असतो. त्यांना घेऊन ये. येताना पिस्टनचं तेल आणि एक जुनं फडकं आणायला सांग. नळीतलं पाणी काढताना धोतर-पँट सगळं भिजतं.